दुखत नाही म्हणून सोडून दिलेला कान

"डॉक्टरसाहेब, कान वाहतोय, पण दुखत नाही." आई-वडील हे वाक्य बहुतेक वेळा सुटकेच्या सुरात सांगतात. मुलाला ताप नाही, तो रडत नाही, शाळेत जातोय. उशीवर थोडा डाग पडतो, कापूस घातला की भागतं. असं सहा महिने चालतं, दोन वर्षं चालतं. कधी कधी लहानपणी वाहायला लागलेला कान लग्न झालं तरी वाहतच असतो, आणि घरात "त्याचा कान पहिल्यापासूनच असा आहे" एवढंच म्हटलं जातं.

खरी अडचण इथेच आहे. मध्यकर्णाचा जुनाट संसर्ग, म्हणजे आपल्या बोलीत वर्षानुवर्षं वाहणारा कान, सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो कुणी दाखवत नाही. दाखवायला येईपर्यंत पडद्याला मोठं भोक पडलेलं असतं आणि ऐकणं कमी झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली या आजारावर खास अहवाल काढला. जगात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांचे कान असे वाहतात, आणि त्यातल्या सुमारे ६० टक्के लोकांचं ऐकणं लक्षात येण्याइतकं कमी झालेलं असतं, असा त्या अहवालाचा अंदाज होता. ज्या देशांत हा आजार सर्वांत जास्त आढळतो, त्यांत भारताचं नाव होतं.

जूचंद्र-नायगावच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे समजून घ्यायला पाहिजे. एका बाजूला मिठागरं आणि खाडी, दुसऱ्या बाजूला हायवे आणि कारखान्यांचे गाळे, मधे जुनं गाव, चाळी आणि भराभर उभ्या राहिलेल्या इमारती. पाऊस जोरात झाला की सखल भागात पाणी साचतं. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरारची काय अवस्था झाली होती ते कुणी विसरलेलं नाही. एका खोलीत पाच-सहा माणसं, दमट हवा, पोरांना सतत सर्दी. हा आजार पोसायला लागतं ते पुष्कळसं इथे तयार आहे. पण त्यातलं बरंचसं आपल्या हातातही आहे.

कानात नेमकं काय होतं?

कानाचे तीन भाग धरा. बाहेरची नळी, जिथे मळ होतो. तिच्या टोकाला पडदा. हा कागदासारखा पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड. पडद्याच्या मागे हवेने भरलेली लहानशी पोकळी, तिला मध्यकर्ण म्हणतात. या पोकळीत तीन चिमुकली हाडं असतात. पडदा हलला की ती हलतात आणि आवाज आतल्या कानापर्यंत पोचवतात.

मध्यकर्णातून एक नळी खाली नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वर उघडते. विमानात किंवा घाट चढताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते या नळीमुळे. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि तिरकी असते. लहान मुलात ती आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी असते. म्हणून नाकातला शेंबूड आणि जंतू मुलांच्या कानात सहज चढतात.

सर्दीनंतर कानात पू झाला की तो पडद्यावर दाब टाकतो. तेव्हा कान खूप दुखतो; मूल रात्रभर रडतं. मग पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि दुखणं एकदम थांबतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं. बहुतेक मुलांचा पडदा खरोखरच काही आठवड्यांत भरून येतो. पण ज्यांचा भरत नाही, त्यांना एक कायमचा दरवाजा उघडा राहतो. आतून सर्दीचे जंतू येतात, बाहेरून पाण्यातले. सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांना साधा नियम शिकवलेला असतो: १४ दिवसांपेक्षा जास्त काळ कानातून पू येत असेल तर तो जुनाट संसर्ग समजायचा. दोन आठवडे. दोन वर्षं नव्हेत.

हॉस्पिटलचं रजिस्टर काय सांगतं आणि काय सांगत नाही

कान-नाक-घसा विभागात येणाऱ्या रुग्णांची माहिती गोळा करून डॉक्टर एक गोष्ट तपासतात: ज्यांचा कान वाहतो त्यांच्यात असं काय आहे, जे इतरांमध्ये कमी दिसतं? जे सापडतं त्याला जोखमीचे घटक म्हणतात. जोखीम म्हणजे शंभर टक्के कारण नव्हे. बिडीच्या धुरात वाढलेल्या प्रत्येक मुलाचा कान फुटत नाही, आणि ज्या घरात कुणी बिडी ओढत नाही तिथेही एखाद्याचा फुटतो. पण एकावर एक जोखीम चढत गेली की शक्यता वाढत जाते.

इथे एक सावधगिरीही हवी. हॉस्पिटलच्या रजिस्टरात फक्त आलेल्यांची नोंद असते. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो म्हणून तो आला नाही, ज्या मुलीचं स्थळ मोडेल म्हणून तिचा कान घरातच लपवला, त्यांचं नाव त्यात नसतं. म्हणजे रजिस्टरात दिसतं त्याहून वस्तीतला आजार मोठा असतो.

आता एक-एक जोखीम बघूया.

सर्दी, टॉन्सिल आणि नाकामागची गाठ

वाहणाऱ्या कानाचं मूळ पुष्कळदा नाकात असतं. नाकाच्या मागे, टॉन्सिलच्याच जातीची एक गाठ मुलांमध्ये असते. तिला अ‍ॅडिनॉइड म्हणतात. ती वाढली की कानाच्या नळीचं तोंड दाबलं जातं. असं मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, नाकात बोलतं. असं मूल घरात असेल तर कान वाहायची वाट बघू नका, आधीच दाखवा. जुनी अ‍ॅलर्जी, सायनसचा त्रास आणि जन्मतः टाळू दुभंगलेला असणं, यांनीही नळीचं काम बिघडतं. टाळू दुभंगलेल्या मुलाचा कान नियमित तपासून घ्यायलाच हवा.

बाटली आणि अंगावरचं दूध

आईच्या दुधातून बाळाला रोगाशी लढायची ताकद मिळते; अंगावर पिणाऱ्या बाळांना कानाचे संसर्ग कमी होतात, हे वारंवार दिसून आलेलं आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा, असं डॉक्टर सांगतात. दोन वर्षांचा हा हिशोब आपल्या घरांत दीनच्या शिकवणीतूनही ठाऊक आहे, फक्त कामावर जाणाऱ्या आईला तो पाळणं जड जातं. वरचं दूध द्यावंच लागलं तर वाटी-चमच्याने द्या. बाळाला आडवं ठेवून तोंडात बाटली देणं सर्वांत वाईट, कारण दूध घशातून त्याच आडव्या नळीकडे सरकतं. अंगावर पाजतानाही बाळाचं डोकं थोडं उंच असू द्या.

धूर आणि दाटी

विडी-सिगारेटचा धूर मुलाच्या नाकातलं आणि कानाच्या नळीतलं नाजूक अस्तर सुजवतो. लाकूड-कचऱ्याची चूल तेच करते. "मी दारात उभा राहून ओढतो" याने फार फरक पडत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत धूर परत आत येतो. बंद खोलीत अगरबत्ती, लोबान आणि मच्छर अगरबत्ती एकदम लावली की तेवढीच भर पडते. खिडकी उघडी ठेवा, तान्ह्या बाळाच्या खोलीत धूर नको.

दाटीचं गणित सोपं आहे. एका खोलीत चार मुलं असतील तर एकाची सर्दी चौघांना होते आणि पहिल्याकडे परत येते. त्यात खाणं कमी पडत असेल, रक्त कमी असेल, तर शरीर लढत नाही आणि फुटलेला पडदा भरून येत नाही. हा आजार जगभर गरीब वस्त्यांत जास्त आहे तो याच कारणांनी. त्याचा जातीशी, धर्माशी किंवा "खानदानात आहे" याच्याशी फारसा संबंध नाही. एकाच घरात दोघा भावांचे कान वाहतात तेव्हा लोक रक्ताला दोष देतात. बहुतेक वेळा दोघांची खोली, हवा आणि सवयी एकच असतात.

पाणी

पडदा शाबूत असलेल्या मुलाने स्वच्छ पाण्यात पोहायला हरकत नाही. पण पडद्याला भोक असेल तर तळ्यातलं, खाडीतलं किंवा रस्त्यावर साचलेलं पाणी थेट मध्यकर्णात जातं. जुनाट वाहणाऱ्या कानात सर्वांत जास्त सापडणारा जंतू म्हणजे सुडोमोनास. तो ओल्या, दमट जागेत वाढणारा जंतू आहे. म्हणूनच पावसाळ्यात थांबलेले कान परत वाहू लागतात. आणि म्हणूनच या आजारात "कोरडा कान" हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी सारखा येतो.

तेल, काडी आणि रस्त्यावरचा कान साफ करणारा

आता आपल्या सर्वांत लाडक्या सवयीकडे येऊ. कान दुखला की लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल किंवा सरसों तेल. दादी-नानीने प्रेमाने घातलेलं असतं, त्यात शंका नाही. पण पडदा फुटलेला असेल तर ते तेल आत जाऊन बसतं, आपल्याबरोबर धूळ आणि जंतू नेतं, आणि दमट हवेत बुरशीला जागा करून देतं. आईचं दूध कानात पिळणं, कांद्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड, गुलाबपाणी, सगळ्यांना हाच नियम लागू.

काडेपेटीची काडी, केसांची पिन, सायकलची तार, दुकानातले बड्स: यांनी मळ निघत नाही, आत ढकलला जातो आणि पडदा फाटू शकतो. स्टेशनबाहेर हातात वाटी-सळई घेऊन बसलेल्या माणसाकडून कान साफ करून घेणं तर एकाचा जंतू दुसऱ्याला देण्यासारखं आहे. कानातला मळ हा घाण नव्हे. तो कानाचं रक्षण करतो आणि बहुधा आपोआप बाहेर येतो. कानशिलात मारणं हेही पडदा फाटण्याचं एक नेहमीचं कारण आहे. घरात असो, वर्गात असो की मकतबमध्ये, मुलाच्या कानावर हात उचलू नका.

अर्धवट औषध

पू थांबला की औषध बंद, हा आपला रिवाज. मेडिकलवाल्याला विचारून घेतलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या, मागच्या वर्षीची उरलेली ड्रॉपची बाटली, शेजारणीने दिलेली मलम. यामुळे संसर्ग दबतो, मरत नाही. पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. शिवाय उघडलेली ड्रॉपची बाटली साधारण महिन्याभरानंतर वापरायची नसते. मागच्या पावसाळ्यातली फेकून द्या.

मोठ्यांमध्ये: साखर आणि क्षय

कान वाहणं फक्त मुलांचं दुखणं नाही. मधुमेह असलेल्याच्या कानातला संसर्ग लवकर आटोक्यात येत नाही. साठीच्या पुढचा मधुमेही माणूस रात्री झोप उडवणाऱ्या कानदुखीची तक्रार करत असेल तर तो हाडापर्यंत गेलेला गंभीर संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. चांगले उपचार करूनही कान महिनोन् महिने वाहत असेल, पडद्याला एकापेक्षा जास्त भोकं असतील किंवा ऐकणं झपाट्याने जात असेल, तर डॉक्टर क्षयाची तपासणी सांगतात. क्षय कानातही होतो. घरात कुणाला टीबी झालेला असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

ऐकणं कमी झालं की काय जातं?

भोक पडलेल्या कानाने माणूस एकदम बहिरा होत नाही. आवाज हळू होतो, कानात बोट घालून ऐकल्यासारखा. म्हणून कळत नाही. पहिलीतल्या मुलाला बाईंचा आवाज येतो, पण "प" आहे की "फ", "त" आहे की "थ", ते कळत नाही. मदरशात सीन, साद आणि से यांचे उच्चार त्याला एकच वाटतात. उस्ताद पुन्हा पुन्हा चूक काढतात आणि मूल गप्प होत जातं. घरी टीव्ही मोठा करतं, हाक मारली तर ओ देत नाही. मग त्याला "हट्टी", "ढ", "लक्ष नसतं" अशी नावं पडतात. मूल मार खातं, आणि दोष कानाचा असतो.

पहिल्या काही वर्षांत तर भाषा शिकणंच ऐकण्यावर अवलंबून असतं. बोलायला उशीर होत असेल तर आधी कान तपासा. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: कानाचा वास येतो म्हणून मुलगी मागच्या बाकावर जाते, मैत्रिणींपासून दूर राहते, आणि घरचे "लग्नानंतर बघू" म्हणतात. लग्नाआधी बारा-पंधरा वर्षांच्या वयात केलेला उपचार सर्व दृष्टीने सोपा पडतो. लपवलेला आजार सासरी उघड होतो तेव्हा त्याची किंमत तीच मोजते.

कोणता कान धोक्याचा?

डॉक्टर जुनाट कानाचे ढोबळमानाने दोन प्रकार करतात. पहिल्यात पडद्याच्या मधोमध भोक असतं. सर्दी झाली की पातळ, चिकट, भरपूर पाणी येतं, त्याला सहसा घाण वास नसतो. हा त्यातल्या त्यात सुरक्षित. दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या किंवा कडेच्या भागात खळगा पडतो आणि तिथे कातडीचे थर साचत जातात. त्याला कोलेस्टिअटोमा म्हणतात. हा कर्करोग नाही, पण तो वाढत जातो आणि आजूबाजूचं हाड खातो. यातून पू थोडाच येतो, पण त्याला कुजका वास असतो.

कानाच्या वरच्या हाडापलीकडे मेंदू आहे आणि आतून चेहऱ्याची नस जाते. म्हणून पुढचं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका:

- कानामागे सूज, लाली, किंवा कान पुढे ढकललेला दिसणं
- थंडी वाजून ताप, जोराचं डोकं दुखणं, उलट्या, मान ताठणं
- तोंड वाकडं होणं, एक डोळा नीट न मिटणं
- खोली फिरल्यासारखी गरगरणं
- मूल सुस्त पडणं, बरळणं, आकडी येणं

मेंदूत पू होणं किंवा मेंदूच्या आवरणाला सूज येणं हे वाहणाऱ्या कानातून होऊ शकतं, आणि त्याने जीव जातो. वर सांगितलेल्या २००४ च्या अहवालात या आजाराने जगात वर्षाला सुमारे २८ हजार मृत्यू होतात असा अंदाज दिलेला आहे. कुजका वास येणाऱ्या कानाला "दुखत नाही" म्हणून सोडू नये ते यासाठी.

उपचार कसा होतो?

पहिली पायरी म्हणजे कान कोरडा करणं. डॉक्टर सक्शनने पू काढतात. घरी करायचं असेल तर स्वच्छ, मऊ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची वात वळा, कानात हलकेच ठेवा, भिजली की काढा, दुसरी घाला. वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून निदान तीन वेळा. वात आत सोडून द्यायची नाही आणि काडीला कापूस गुंडाळायचा नाही.

दुसरी पायरी थेंबांची. जुनाट वाहणाऱ्या कानात पोटातून घ्यायच्या गोळ्यांपेक्षा कानात टाकायचे सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब जास्त काम करतात, कारण औषध थेट जागेवर पोचतं. पण कान पुसल्याशिवाय थेंब टाकले तर ते पुवरच तरंगतात. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, नाहीतर गरगरतं. थेंब टाकल्यावर कानाच्या पुढचा लहान कंगोरा काही वेळा दाबा, म्हणजे औषध आत उतरतं. आणि थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्या: जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी काही औषधं फुटलेल्या पडद्यातून आतल्या कानात गेली तर ऐकण्याची नसच खराब करू शकतात.

तिसरी पायरी म्हणजे ऐकण्याची तपासणी, ज्याला ऑडिओमेट्री म्हणतात. सुई नाही, रक्त नाही. हेडफोन लावून आवाज ऐकायचा एवढंच.

चौथी पायरी शस्त्रक्रियेची. कान कोरडा झाला आणि भोक भरलं नाही तर आपल्याच शरीरातलं पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवतात. कोलेस्टिअटोमा असेल तर औषधाने भागत नाही. कानामागचं हाड साफ करावं लागतं. तिथे आधी जीव आणि कान सुरक्षित करणं, मग ऐकणं, असा क्रम असतो. हे आधीच समजून घेतलं की नंतर "ऑपरेशन करूनही ऐकू येत नाही" अशी निराशा होत नाही.

वुजू, गुसल आणि रोजा

वाचकांच्या मनात हा प्रश्न असतोच. वुजूमध्ये कानाचा मसह ओल्या बोटाने होतो. पाणी आत ओतलं जात नाही. बोट पिळून, फक्त ओलसर ठेवून मसह केला तर डॉक्टरांची हरकत नसते. गुसल किंवा रोजची आंघोळ करताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा आणि आंघोळ झाली की लगेच काढा. दिवसभर कापूस घालून ठेवू नका. आत दमट होतं.

रमजानमध्ये थेंबांचं काय? जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये ठराव केला की कानात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, मात्र घशात उतरलेलं गिळता कामा नये. जुन्या फिक्हच्या किताबांत मतं वेगळी आहेत आणि आपल्याकडचे अनेक उलेमा ती पाळतात. पडदा शाबूत असेल तर थेंब घशात पोचत नाहीत. भोक असेल तर पोचू शकतात. तेव्हा मौलानांना मसला विचारताना "पडद्याला भोक आहे" हे आवर्जून सांगा, कारण जवाब त्यावर बदलू शकतो. व्यवहारात वाट सोपी आहे: दिवसातून दोनदा टाकायचे थेंब सहरीआधी आणि इफ्तारनंतर टाकता येतात. डॉक्टरांना "रोजा आहे, वेळ जुळवून द्या" म्हणा. थेंब रमजान संपेपर्यंत बंद ठेवणं मात्र करू नका.

जूचंद्रहून कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून करा. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचं ऐकणंही तपासलं जातं. पथक आलं की "माझ्या मुलाचा कान वाहतो" हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. वसईत महापालिकेचं डी. एम. पेटिट रुग्णालय आहे; कान-नाक-घसा तज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते विचारून जा, म्हणजे रोज बुडणार नाही. शस्त्रक्रियेसाठी नायगावहून लोकलने कूपर, नायर किंवा जे. जे. रुग्णालयात जाता येतं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

ऐकणं कायमचं कमी झालं असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था ऐकण्याची तपासणी, श्रवणयंत्रं आणि बोलण्याचं शिक्षण यासाठीच आहे. इतक्या जवळ असूनही आपल्यातल्या कितीतरी घरांना ती माहीत नाही.

आणि लस. न्यूमोकॉकस हा जंतू मुलांच्या कानदुखीचं एक मोठं कारण आहे. त्याची लस २०१७ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी तीनदा, फुकट मिळते. गोवरची लसही चुकवू नका. गोवरानंतर कान फुटण्याचं प्रमाण बरंच असतं.

आज रात्री एवढंच करा. मूल झोपलं की उशी बघा, कानाजवळ वास येतो का बघा. उद्या त्याच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या, एकदा उजव्या बाजूने, एकदा डाव्या. त्याने वळून पाहिलं नाही, किंवा कान दोन आठवड्यांपासून ओला असेल, तर तेलाची बाटली खाली ठेवा आणि केसपेपर काढा. दुखण्याची वाट बघू नका. हा कान दुखून सांगत नाही.